राजपुत्र उपाशी राहत नाही म्हणे!

राखेच्या बुधवारच्या (लेंट सुरू होतो तो दिवस) आदल्या रात्री आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज येऊन पडला. मिरजेच्या मामांनी टाकला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोच मेसेज मला साताऱ्याच्या नणंदेकडून आला, मग संडे स्कूलच्या ग्रुपवर, मग आणखी एकीकडून. मथळा होता, ‘ख्रिस्ती माणसाला उपास कशाला?’ खाली चार मुद्दे होते. येशूने उपास करायला कुठेही सांगितलेलं नाही. लेंट, म्हणजे ईस्टर सणाआधीचे उपासाचे चाळीस दिवस, ही रोमने (पोपच्या चर्चने) काढलेली गोष्ट, ती सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी मोडीत काढली. देह छळणं हे हिंदू संन्याशांचं, ते आपल्यात नंतर शिरलं. आणि शेवटचा मुद्दा ठळक अक्षरांत: देव राजा, आपण राजपुत्र, राजपुत्र उपाशी राहत नाही, त्याग म्हणजे बापाच्या श्रीमंतीचा अपमान. तळाला नेहमीचं शेपूट होतंच, अकरा जणांना पाठवा, चोवीस तासांत आर्थिक आशीर्वाद मिळेल.

लिहिणारा अडाणी नाही. त्याने पवित्र शास्त्र वाचलंय, पण कात्री हातात घेऊन. म्हणून हे उत्तर.

पहिला मुद्दा येशूने न सांगितल्याचा. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडा. डोंगरावरच्या प्रवचनात येशू तीन गोष्टींबद्दल ओळीने बोलतो: दानधर्म, प्रार्थना, उपास. तिन्ही ठिकाणी सूर एकच, तुम्ही हे कराल तेव्हा असं करा, तसं करू नका. ‘केलंच तर’ अशी भाषा कुठेच नाही. दानधर्म सांगितलेला नाही असं म्हणायला या मेसेजवाल्याची जीभ रेटणार नाही (अकरा जणांचं शेपूट बघता बहुतेक दशांशावरही, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देण्यावरही, त्याचं स्वतंत्र प्रवचन असेल). मग त्याच ओळीतला उपास तेवढा कसा गळला?

मेसेजात मार्कच्या दुसऱ्या अध्यायाचा हवाला आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य उपास करतात, तुझे का करत नाहीत, असं लोक विचारतात. येशू म्हणतो, नवरदेव सोबत असताना वऱ्हाडी उपाशी राहतील का? मेसेज इथे थांबतो. येशू थांबत नाही. नवरदेव त्यांच्यातून काढून घेतला जाईल असे दिवस येतील, तेव्हा ते उपास करतील, असं तो लगेच पुढे म्हणतो. अर्धं वाक्य दाखवून अर्धं खिशात घालायचं, याला आमच्याकडे दुसरं नाव आहे. आणि शिष्यांनी ते खरंच केलं. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपास आणि प्रार्थना करूनच बर्णबा आणि शौल यांना कामगिरीवर पाठवते.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या बाजूने सांगते, कारण त्याला ती सापडलेली दिसत नाही. येशू काही उपासतापासातच बुडालेला नव्हता. त्याच्या विरोधकांनी त्याला खादाड आणि दारूबाज म्हटलं, हे मत्तयानेच अकराव्या अध्यायात लिहून ठेवलंय. काना गावच्या लग्नात येशूने सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला. योहानाच्या शुभवर्तमानात दिलेल्या मापावरून हिशोब केला तर साधारण पाचशे ते सातशे लिटर होतो. तासगावच्या द्राक्षबागाइतदारालाही हा आकडा बघून हसू येईल. चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहिलेला आणि लग्नघरी रांजण भरून देणारा माणूस एकच आहे, आणि अडचण झालीच तर ती मेसेजवाल्यालाही होते आणि वर्षभर कपाळाला आठ्या घालून फिरणाऱ्यांनाही.

दुसरा मुद्दा रोमचा. इसवी सन ३२५ मध्ये निकिया इथे धर्मसभा भरली, आजच्या तुर्कस्तानात. जमलेले बहुतेक बिशप पूर्वेकडचे होते. त्या सभेच्या पाचव्या नियमात ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा उल्लेख येतो, तोही सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीसारखा, जाता जाता. पण इतक्या लांब कशाला जायचं? मिरजेच्या दवाखान्यांत केरळच्या सिरियन ख्रिस्ती सिस्टर आहेत, त्यांना विचारा. त्यांचा ईस्टरआधीचा उपास पन्नास दिवसांचा, मांस, मासे, अंडी, दूध सगळं बंद. शिवाय नाताळाआधी पंचवीस दिवस वेगळे. ही परंपरा पूर्वेकडून आलेली आहे, रोमच्या फर्मानाने नाही. नाइट ड्यूटी करून उपास पाळणाऱ्या या बायकांना ‘तुमचा उपास रोमी आहे’ असं सांगायची हिंमत मेसेजवाल्याने एकदा करून बघावी.

सुधारकांनी उपास मोडला, या वाक्यात मात्र निम्मं खरं आहे. १५२२ मध्ये, लेंटच्या दिवसांत, झुरिकमध्ये फ्रोशाउअर नावाच्या छपाईवाल्याच्या घरी सॉसेज कापून खाल्लं गेलं. कामगार पुस्तकांच्या गडबडीत राबत होते. तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली हजर होता, त्याने स्वतः मात्र खाल्लं नाही. नंतर त्याने पुलपिटावरून त्या खाण्याची बाजू घेतली. काय म्हणून घेतली, हे महत्त्वाचं: ज्याला उपास करायचाय त्याने करावा, पण न करणाऱ्यावर कायद्याचा बडगा उगारू नये. भांडण सक्तीशी होतं. दुसरा सुधारक कॅल्विन, त्याने लेंटभोवतीच्या अंधश्रद्धेवर कोरडे ओढले, आणि त्याच ग्रंथात उपास कशासाठी करावा याची तीन कारणंही दिली: देहाला आवर घालायला, प्रार्थनेची तयारी करायला आणि देवापुढे नम्र व्हायला. जर्मन सुधारक ल्यूथरच्या लहान प्रश्नोत्तरावलीत प्रभुभोजनाआधीचा (उपासनेत भाकर-द्राक्षारस घेण्याआधीचा) उपास ही चांगली बाह्य शिस्त म्हटलीय. मेथडिस्ट चळवळीचा वेस्ली बुधवार-शुक्रवार उपास करायचा. मोडीत काढणारे असे असतात का?

‘आमच्या आजोबांच्या काळी लेंट नव्हता’ असं आमच्या भागातले म्हातारे म्हणतात, तेही खोटं नाही. मिरज-सांगलीकडची जुनी मंडळी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची, म्हणजे कॅल्विनच्याच वळणाची, आणि त्या घरांत लेंटचं फारसं प्रस्थ नव्हतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात वेगवेगळे पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात अँग्लिकनही (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) आले आणि त्यांचं उपासनेचं पंचांगही आलं. म्हणजे लेंट हा शब्द आमच्याकडे उशिरा आला. उपास उशिरा आला का, ते आजीच्या डब्यावरून पुढे सांगते.

कॅथलिकांबद्दलही एक गैरसमज मेसेजात आहे, की ते चाळीस दिवस पोट जाळतात. त्यांच्या आजच्या नियमात सक्तीचे उपास वर्षाला दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन हलकी खाणी चालतात. बंधन १८ ते ५९ वयाला, आजाऱ्याला सूट. आणि चाळीस हा आकडा मुळात रविवार वगळून येतो, कॅलेंडरवर मोजाल तर ४६ दिवस भरतील. रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास नाही. चौथ्या शतकात गांग्रा (आजच्या तुर्कस्तानात) इथल्या धर्मसभेने तर वैराग्याच्या नावाखाली रविवारी उपास धरणाऱ्यांना बहिष्काराची तंबी दिली होती. उपास न केल्याबद्दल नाही, केल्याबद्दल!

तिसरा मुद्दा वाचून मला राग आला, हे कबूल करते. ‘देह छळणं हिंदू संन्याशांचं.’ एक तर इजिप्तच्या वाळवंटात राहणारा संत अँथनी ३५६ साली वारला. ख्रिस्ती वैराग्याला आपल्याकडून काही उसनं आणायची गरज नव्हती. दुसरं, उसनं आणलं असतं तरी लाज कसली? नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडलं, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांना त्यात जागा. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं सांगणारा हा माणूस. संन्यास घेऊन तो कुठल्या गुहेत शिरला नाही, माणसांच्या गावात राहिला. सोडलं काय, तर पगार आणि त्यासोबत येणारं मिंधेपण. याला देह छळणं म्हणायचं असेल तर आपण सगळेच रोज दहा ते सहा देहाचे फार लाड करतोय.

पण इथे मेसेजवाल्याच्या हाताला एक खरी गोष्ट लागलीय, ती त्याने नीट धरली नाही. देह छळण्याची हौस ख्रिस्ती लोकांतही होती, आणि मंडळीने तिला वेळोवेळी रोखलंय. युरोपात प्लेगच्या काळात स्वतःला चाबकाने फोडून घेत गावोगाव फिरणाऱ्यांच्या टोळ्या निघाल्या, त्यांच्यावर पोप सहावा क्लेमेंट याने १३४९ मध्ये बंदी घातली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत मठवाशांना रोज ठरावीक माप द्राक्षारस आहे. लेंटमध्ये कुणाला जास्तीचं काही सोडायचं असेल तर त्याने आधी मठाधिपतीला विचारावं, न विचारता केलेला त्याग गर्वात जमा. मला हा नियम फार आवडतो. असिसीच्या संत फ्रान्सिसने आयुष्यभर देहाचे हाल केले आणि शेवटी त्या ‘गाढव भावा’ची (देहाला तो असंच म्हणे) माफी मागितली, असं त्याच्या चरित्रकारांनी सांगितलंय. आणि प्रेषित पौल (मघाचा शौल तो हाच) कलस्सै गावच्या मंडळीला लिहितो की देहाला कठोरपणे वागवणं शहाणपणाचं दिसतं, पण देहाच्या लालसेला आवर घालायला ते कुचकामी आहे.

हे पुस्तकातलं झालं. आमच्या नात्यातल्या एका मधुमेही गृहस्थांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून एकवीस दिवसांचा ‘दानिएलाचा उपास’ धरला आणि वर गोळ्याही बंद केल्या, विश्वास कमी पडतो म्हणून. सतराव्या दिवशी त्यांना रिक्षात घालून न्यावं लागलं. बायबलमधल्या दानिएल संदेष्ट्याने तीन आठवडे पक्वान्न, मांस आणि द्राक्षारस वर्ज्य केला होता, औषध नाही. हा प्रकार थांबवायला कुणी मेसेज लिहिला असता तर मी स्वतः अकरा जणांना पाठवला असता.

आणि आपलं नेहमीचं सोंग? तेही आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे फक्त एकादशीला लागू नाही. श्रावणाआधी लोक आखाड तळतात, तसं युरोपात राखेच्या बुधवारआधीच्या मंगळवारी अंडी-लोणी संपवायला पॅनकेक तळतात, कार्निव्हल करतात. माणूस सगळीकडे सारखाच. साताऱ्यातल्या आमच्या ओळखीच्या एकाने चाळीस दिवस कंदी पेढे सोडल्याचं रोज स्टेटसला टाकलं होतं, फोटोसकट. घरी मटण बंद म्हणून नवऱ्याने जाहीर करायचं आणि पोरांसाठी वेगळं, सासऱ्यांसाठी वेगळं, उपासासाठी वेगळं असे तीन स्वयंपाक बायकोने रांधायचे, हाही त्याग आमच्याकडे चालतो. कुणाचा, ते विचारू नये. उपासाच्या दिवशी तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, असं येशूने सांगितलं ते याचसाठी. जीभ मारली तरी ‘मी’ तेवढाच गुबगुबीत राहू शकतो.

आता राजपुत्र. या मुद्द्यावर मेसेजवाला सगळ्यात जोरात बोलतो आणि इथेच तो सगळ्यात पोकळ आहे. खरा राजपुत्र तर येशू, आणि त्याला डोकं टेकायला जागा नव्हती. पौल फिलिप्पैकरांना सांगतो, मी भरल्यापोटी राहायला शिकलोय आणि उपाशी राहायलाही. तो दोन्ही शिकला. एकच शिकलेला माणूस राजपुत्र नसतो, लाडावलेला असतो. लूकच्या सोळाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस जांभळी वस्त्रं नेसून रोज मेजवानी करायचा, अगदी या मेसेजबरहुकूम. त्याने दाराशी पडलेल्या भिकारी लाजारला मारलं नाही, हाकललंही नाही. फक्त दाराशी तो होता आणि याला दिसला नाही.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठ्ठावन्नावा अध्याय तर याच वादाचा निकाल आहे. आम्ही उपास केला, तू पाहिला का नाहीस, असं लोक देवाला विचारतात. देव म्हणतो, उपासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना पिळता. मला हवा तो उपास म्हणजे जुलमाची बंधनं सोडणं, भुकेल्याला आपली भाकरी वाटून देणं. आमच्याकडे लेंट येतो तो उसाच्या गळीत हंगामात. कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या, पाचटाच्या खोपी, पहाटे तीनला कोयता घेऊन निघालेल्या बायका. त्यांच्यातल्या कुणाला जाऊन ‘त्याग कर’ म्हणणं निर्लज्जपणा आहे. आणि ‘तू राजकन्या आहेस, विश्वास ठेव, गाडी येईल’ म्हणणं त्याहून मोठा.

दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ख्रिस्ती लिखाणात उपासाची रीत दिलीय. उपासाच्या दिवशी भाकर-पाण्यावर राहा, एरवी जे खाल्लं असतं त्याची किंमत काढ आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला दे. इतकं साधं. हे मी वाचलं तेव्हा मला आजीचा डबा आठवला. आजीला लेंट हा शब्द ठाऊक नव्हता. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी ती रात्री जेवायची नाही, आणि रोज भाकरीचं पीठ घेताना एक मूठ काढून एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. डबा भरला की तो घेऊन कुठेतरी जायची. कुठे, हे आम्हाला ती असेपर्यंत कळलं नाही. तिच्या मातीला एक बाई आली आणि तोच डबा परत देऊन गेली, तेव्हा कळलं. नाताळाला मात्र ही आजी करंज्या, चिवडा आणि कोंबडीचा रस्सा यांत हात आखडायची नाही, आणि ताट त्या बाईच्या घरीही जायचं. उपासाच्या विरुद्ध मेजवानी नसते. दोघांच्याही विरुद्ध दार लावून जेवणं असतं.

हे सगळं ग्रुपवर टाकण्याआधी मी मामांना फोन केला. म्हातारा माणूस, चारचौघांत खोडून काढलं असं नको वाटायला.

“मामा, तो उपासाचा मेसेज तुम्ही पूर्ण वाचलात का?”

“न्हाई गं. लई लांब हुता. पोरानं पाठवला, मी फुडं ढकलला. का? काय चुकीचं हाय का?”

मी सांगायला लागले. निकियापर्यंत पोचले असेन, तेवढ्यात ते मध्येच म्हणाले, “ते ऱ्हाऊ दे. रविवारी जेवायला ये की. मामी कोंबडी करतीया. आन् शेजारच्या सिस्टरला पण सांगितलंय, एकटीच असती बिचारी.”

सिस्टर केरळच्या. त्यांचे पन्नास दिवस चालू आहेत, त्यांना रविवारीही कोंबडी चालणार नाही. मामांना म्हटलं, त्यांच्यासाठी वांग्याचं भरीत करायला सांगा, बाकीच्यांना रविवार मोकळा आहे.