पाण्याचा पेला कोणत्या हाताला?

आमच्या नातेवाइकांत एक क्रियापद ठरून गेलेले आहे. मुलाला शाळेत घालतात, आजारी माणसाला दवाखान्यात नेतात, बाळंतिणीला माहेरी आणतात. म्हाताऱ्या माणसाला मात्र वृद्धाश्रमात 'टाकतात'. गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांसाठी शुश्रूषेची जागा शोधायला मी रेडिंगहून ठाण्याला आले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच आत्याने फोनवर विचारले, "म्हणजे टाकणार का तू त्यांना शेवटी?" हा प्रश्न मला नवा नव्हता. इंग्लंडमध्ये एकोणीस वर्षे राहिलेल्या मुलीला तो कधी ना कधी विचारला जाणार, हे मी गृहीतच धरले होते. मला खटकले ते वेगळेच. पुढच्या तीन आठवड्यांत टाकणार का, हे मला किमान दहा जणांनी विचारले. ती जागा कशी आहे, रात्री तिथे कोण असते, हे त्यांपैकी एकानेही विचारले नाही.

वडील एकोणऐंशी वर्षांचे आहेत. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू गेली, बोलणे बऱ्यापैकी शिल्लक आहे. घर नौपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. आईचे वय चौऱ्याहत्तर असून तिचे दोन्ही गुडघे कुरकुरतात. ब्युरोकडून चोवीस तासांची मावशी ठेवून पाहिली. चार महिन्यांत तीन मावश्या बदलल्या आणि चौथी गणपतीला गावी गेली ती आलीच नाही. त्यामुळे घरी ठेवणे हाच खरा प्रेमाचा मार्ग आणि बाहेर ठेवणे म्हणजे जबाबदारी झटकणे, ही आपल्याकडची मांडणी आमच्यापुरती तरी निकालात निघाली होती. तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून माणूस उतरवायला चौघे लागतात आणि ते चौघे दर वेळी मिळत नाहीत.

आपले कायदेही याच वादाभोवती फिरतात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा मुलांनी आई-वडिलांना पोसावे म्हणून न्यायाधिकरण देतो, त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगतो, आणि प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान दीडशे जणांची सोय असलेला निदान एक वृद्धाश्रम असावा अशी अपेक्षा व्यक्त करतो. दरमहा पैसे भरून जिथे माणूस ठेवायचा, त्या खाजगी जागेचा दर्जा कोणी तपासायचा, याबद्दल तो जवळजवळ गप्प आहे. अशा केंद्रांची आणि घरी माणसे पाठवणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी, त्यांना किमान निकष लागू व्हावेत, यासाठीचे दुरुस्ती विधेयक २०१९ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत झाले नाही. मुलगा कसा वागतो यावर घरोघरी बोलणाऱ्या समाजाला या विधेयकाची आठवणही नाही.

त्यात शब्दाचा घोळ आहे. ठाण्यात 'नर्सिंग होम' म्हटले की डोळ्यांपुढे डॉक्टरांचे पंधरा-वीस खाटांचे छोटे रुग्णालय येते, जिथे अपेंडिक्स काढतात आणि बाळंतपणे होतात. इंग्लंडमध्ये तोच शब्द वृद्ध माणूस कायमचा राहायला जातो त्या, परिचारिका असलेल्या घरासाठी वापरतात. आपल्याकडे शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे आणि त्याच्या व्याख्येत आजार व इजा यांच्या बरोबरीने अशक्तपणाचाही उल्लेख आहे. शिवाय नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी जागी लावलेले असावे, असेही तो सांगतो. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी ते मागितले. एका ठिकाणी मला दुकानाचा गुमास्ता परवाना दाखवण्यात आला, दुसरीकडे ट्रस्टच्या नोंदणीची झेरॉक्स. तिसऱ्या ठिकाणचे गृहस्थ मनमोकळे होते. "मॅडम, आजवर हे कोणी मागितलंच नाही," ते म्हणाले. यात त्यांचा दोष किती आणि न मागणाऱ्यांचा किती, हे मी अजून ठरवते आहे.

इंग्लंडमध्ये हे मागावे लागत नाही. केअर क्वालिटी कमिशन ही २००९ पासून काम करणारी संस्था तपासनीस पाठवते; जागा सुरक्षित आहे का, तिथल्या उपचारांचा गुण येतो का, वागणूक मायेची आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे ती बदलते का आणि कारभार नीट चालतो का, या पाच प्रश्नांवर त्या जागेला चारांपैकी एक शेरा मिळतो. उत्कृष्ट, चांगले, सुधारणा आवश्यक किंवा अपुरे. तो शेरा दारात लावणे २०१५ पासून सक्तीचे आहे. हे सांगितले की ठाण्यातली मंडळी सुस्कारा सोडतात आणि म्हणतात, "तिकडचं काय बोलावं!" मला त्या सुस्काऱ्याची भीती वाटते, कारण तो फार लवकर सोडलेला असतो. आमच्या शेजारच्या इंग्रज आजी ज्या ठिकाणी होत्या, तिथल्या दारावर 'चांगले' अशी पाटी होती. खाली बारीक अक्षरात तपासणीची तारीख होती आणि ती पाच वर्षांपूर्वीची होती. आजींच्या श्रवणयंत्राची बॅटरी दोन आठवडे संपलेली होती. त्या कोणाशी बोलत नाहीत म्हणून तिथल्या मुलींनी 'स्मृतिभ्रंश वाढला' असा निष्कर्ष काढून ठेवला होता. पुढे २०२४ मध्ये डॉ. पेनी डॅश यांच्या सरकारी चौकशीत या तपासणी संस्थेच्याच कारभाराचे वाभाडे निघाले: तपासण्या घटल्या होत्या, कित्येक शेरे जुने झाले होते आणि काही ठिकाणांना शेरा कधी मिळालाच नव्हता. शिवाय घर धरून तेवीस हजार अडीचशे पौंडांहून अधिक मालमत्ता असलेल्या एकट्या माणसाला सगळा खर्च पदरचा करावा लागतो. त्यापायी घरे विकली जातात. तेव्हा तिकडे स्वर्ग आहे असे मी म्हणणार नाही.

तरीही एक फरक उरतो. आजींची मुलगी त्या दिवशी तिथल्या व्यवस्थापिकेच्या खोलीत गेली, तिने लेखी तक्रार दिली, तिची पोच घेतली आणि मग आईजवळ बसून निवांत चहा प्यायली. आपण तक्रार केली म्हणून आईचे हाल होतील, अशी शंका तिच्या चेहऱ्यावर मला दिसली नाही.

ठाण्यात आणि नवी मुंबईत मिळून आम्ही सात ठिकाणे पाहिली. घोडबंदर रोडची तीन, येऊरच्या पायथ्याचे एक, कळव्याचे एक, नेरूळ आणि सानपाड्याचे एकेक. घोडबंदरच्या जागा दिसायला देखण्या होत्या, हिरवळ होती, एका ठिकाणी तर कारंजेही होते; परंतु संध्याकाळी गायमुखच्या बाजूने गाड्या तुंबल्या की रुग्णवाहिका ठाण्यात किती वाजता पोहोचेल, या प्रश्नावर कारंज्याचा काही उपयोग नव्हता. दर महिना पस्तीस ते साठ हजारांपर्यंत सांगण्यात आले, डायपर, औषधे आणि फिजिओ वेगळे, डिपॉझिट दोन महिन्यांचे. आम्हाला सगळीकडे आधी देवघर आणि टीव्हीचा हॉल दाखवला गेला. मी हळूहळू शिकले की वेळ ठरवून जायचेच नाही, आणि गेलो तर हॉलमध्ये थांबायचे नाही, खाटेपाशी जायचे.

एका ठिकाणी खाटेपाशी गेले तर तिथे वडिलांसारखेच डावी बाजू गेलेले एक आजोबा होते. चादर स्वच्छ, नखे कापलेली, वास नाही. स्टीलचा पेला झाकण घालून नीट ठेवलेला होता, पण डाव्या हाताच्या टेबलावर. त्यांना तो दिसत होता, हाताला लागणे शक्य नव्हते. मी तो उचलून उजवीकडे ठेवला तेव्हा त्यांनी एका दमात निम्मा रिकामा केला.

दुसऱ्या ठिकाणी भिंतीवर तक्ता होता. पडून राहणाऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात, म्हणून कूस बदलली की वेळेसमोर सही करायची. तक्ता पाहून मला बरे वाटले. मग घड्याळ पाहिले. दुपारचे साडेचार वाजले होते आणि सहाच्या, आठच्या रकान्यांत सह्या झालेल्या होत्या.

ही गोष्ट मी तिथल्या सिस्टरला विचारणार, इतक्यात आईने माझा हात धरून मला बाहेर पॅसेजमध्ये नेले. "अगं, इतकं विचारू नकोस. उद्या त्यांना इथेच ठेवायचं ठरलं तर सगळा राग बाबांवर काढतील." ज्या बाईने रेशन दुकानदाराशी वजनावरून आणि पालिकेशी पाण्याच्या बिलावरून चाळीस वर्षे भांडणे केली, ती हे बोलत होती. मला वाटते, आपल्याकडच्या या जागांचा दर्जा जिथे अडतो ती जागा हीच. माणूस तिथे ठेवणे हीच लाज मानली, की ठेवणारा गुन्हेगारासारखा दबकत येतो. चार ठिकाणे ताडून पाहत नाही, ओळखीच्यांना विचारत नाही, आणि काही वावगे दिसले तरी बोलत नाही, कारण मुळात आपणच वावगे केले आहे असे त्याला सांगितले गेलेले असते. अशा गिऱ्हाइकापुढे सहाची सही साडेचारला करणे फार सोपे असते.

बोट कुणा मावशीकडे दाखवायची माझी इच्छा नाही. त्या मजल्यावर रात्री बावीस माणसांना दोघी होत्या, बारा तासांची पाळी, आणि त्यांपैकी एक दिवसाची पाळी करून थांबलेली होती. असल्या हिशेबात दोन-दोन तासांनी बावीस जणांची कूस बदलून दाखवणे मला जमणार नाही. म्हणून मी पुढे सगळीकडे एकच चौकशी रेटली: रात्री किती माणसे असतात, त्यांत नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली सिस्टर कोण, आणि शेवटचे कोणी पडले ते कधी. "आमच्याकडे कोणी पडतच नाही," असे पाच ठिकाणी ऐकायला मिळाले. पाचही आम्ही सोडली.

सहाव्या ठिकाणच्या बाईंनी मात्र कपाटातून एक वही काढली. वर्षभरात चौघे पडले होते, दोघे पहाटे, मोरीत; त्यानंतर मोरीत दांडी बसवली आणि पहाटेची एक मावशी वाढवली, हेही तिथेच लिहिलेले होते. जागा साधी आहे, कारंजे नाही, रंगाचे पोपडे निघाले आहेत. भेटीच्या वेळेची पाटी आहे, पण ती पाळली जात नाही, आणि हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. इंग्लंडमध्ये २०२४ पासून भेटू देणे हा नियमच झाला आहे. शिवाय आईला घरून रिक्षाने पंधरा मिनिटे लागतात, त्यामुळे ती सकाळी जाते, कधी अवेळी दुपारी जाते. वडील तिथे आहेत. आत्या एकदा जाऊन आली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एका खाटेचा दर विचारला, काकांसाठी.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर वडिलांना पाहत होते. पेला उजव्या हाताला होता. तेवढ्यात आईचा आवाज आला, चांगला खणखणीत: "सिस्टर, चारची कूस बदलली का हो? इथे सही नाही." पलीकडून उत्तर आले, "बदलली, काकू. लिहायची राहिली."