१९-१८ चा बॉक्स स्कोअर आणि तो वाचायची रीत

२२ नोव्हेंबर १९५०, मिनियापोलिस. फोर्ट वेन पिस्टन्स १९, मिनियापोलिस लेकर्स १८. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या इतिहासातला सर्वांत कमी गुणांचा सामना. हा निकाल कुणी शेअर केला की खाली ठरलेली कॉमेंट येते: "तेव्हा कुणाला खेळता तरी येत होतं का?" मला हे मनापासून खटकतं. त्या सामन्याचा बॉक्स स्कोअर, म्हणजे खेळाडूनिहाय आकड्यांचा तक्ता, जरा वेळ देऊन वाचला, तर त्यात एका संघाचा धाडसी डाव आणि एका मोठ्या खेळाडूची जबरदस्त रात्र दिसते. आजच्या सवयीने वाचलं तर यातलं काहीच हाती लागत नाही.

आधी ताळा. तीन गुणांची रेषा एनबीएत १९७९-८० च्या हंगामात आली. त्यामुळे त्याआधीच्या एनबीएच्या कुठल्याही तक्त्यात फील्ड गोल (खेळ चालू असताना केलेली बास्केट) गुणिले दोन, अधिक यशस्वी फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळालेली एका गुणाची मोकळी फेक), बरोबर गुण. अपवाद नाही. लेकर्सचा जॉर्ज माइकन: ४ फील्ड गोल, ७ फ्री थ्रो, म्हणजे १५. संघाचे फील्ड गोल एकूण चारच, म्हणजे चारही माइकनचे. बाकी सगळ्यांचे मिळून ३ गुण, तेही फ्री थ्रोवर. पिस्टन्स: ४ फील्ड गोल आणि ११ फ्री थ्रो, १९. मग क्वार्टर जोडा. पिस्टन्स ८, ३, ५, ३. लेकर्स ७, ६, ४, १. दोन्ही बेरजा जुळतात.

हा ताळा हौसेखातर करायचा नसतो. जुन्या वर्तमानपत्रांच्या पुसट स्कॅनमध्ये ३ आणि ८ हमखास एकमेकांसारखे दिसतात. शिवाय रकान्यांची शीर्षकं प्रत्येक पेपराची वेगळी. 'एफ' या एकाच अक्षराखाली कधी फ्री थ्रो असतात, कधी फाउल. आडवा ताळा, म्हणजे एकेका खेळाडूच्या ओळीत वरचा हिशेब, केला की कुठलं काय ते लगेच कळतं. तरीही दोन चुका एकमेकींना झाकू शकतात, म्हणून सगळ्या खेळाडूंच्या रकान्याची उभी बेरीज आणि क्वार्टरची बेरीज हवीच. तिन्ही जुळल्याशिवाय आकडा पुढे ढकलू नये.

आता सामना. लेकर्स आपल्या मैदानावर सलग २९ सामने जिंकून बसलेले, आणि माइकन ६ फूट १० इंच. त्याच्याशी बास्केटखाली झुंजण्यात अर्थ नव्हता. पिस्टन्सचे प्रशिक्षक मरे मेंडनहॉल यांनी चेंडू हातात धरून वेळ काढायला लावला, आणि नियमात त्याला कुठलीच आडकाठी नव्हती. प्रेक्षक चिडले, पण डाव साधला: शेवटच्या काही सेकंदांत लॅरी फाउस्टने बास्केट केली आणि पिस्टन्सनी सामना एका गुणाने जिंकला.

दोन्ही संघांनी मिळून ३१ शॉट घेतले, लेकर्सनी १८ आणि पिस्टन्सनी १३. ४८ मिनिटं म्हणजे २८८० सेकंद; भागिले ३१, दर ९३ सेकंदांना एक शॉट. पुढे सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी चांगल्या सामन्यात साधारण १२० शॉट होतात असं धरून २८८० ला १२० ने भागलं, आणि १९५४-५५ पासून २४ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं, म्हणजे चेंडू मिळाल्यावर तेवढ्या वेळात शॉट घेणं सक्तीचं झालं. संघाची सामन्यागणिक सरासरी एका हंगामात ७९.५ वरून ९३.१ वर गेली. खेळाडू तर बहुतेक तेच होते.

म्हणूनच माइकनचे १५ गुण नुसते १५ म्हणून वाचायचे नाहीत. त्या हंगामात त्याची सरासरी २८.४ होती, त्या हिशेबाने ही रात्र फिकी ठरते. पण संघाच्या गुणांतला त्याचा वाटा काढा: १८ पैकी १५, म्हणजे ८३ टक्के. संथ सामन्यात गुणांपेक्षा वाटा बोलतो.

शॉटच्या टक्केवारीचंही तसंच. लेकर्स १८ पैकी ४, म्हणजे २२ टक्के. वाईटच, पण १९४६-४७ च्या पहिल्या हंगामात अख्ख्या लीगची सरासरी २७.९ टक्के होती. त्या हंगामाचा अव्वल स्कोअरर जो फल्क्स १५५७ पैकी ४७५, म्हणजे ३०.५ टक्के. (त्याचाही ताळा घ्या: ९५० अधिक ४३९ फ्री थ्रो, १३८९.) आज ३० टक्क्यांवर बाकावर बसवतील; तेव्हा तो लीगच्या पुढे होता. तुलना त्याच वर्षाच्या सरासरीशी करा, आजच्या नाही.

एक्सेलवाल्यांसाठी खास. ट्रू शूटिंगच्या (फील्ड गोल आणि फ्री थ्रो एकत्र धरून काढलेल्या टक्केवारीच्या) सूत्रात फ्री थ्रोंच्या प्रयत्नांना ०.४४ ने गुणतात. तो गुणक आजच्या नियमांवर बेतलेला आहे. त्या काळी साध्या फाउललाही एक फ्री थ्रो मिळायचा, त्यामुळे एकेका फ्री थ्रोमागे खर्ची पडलेला चेंडूचा ताबा आजच्यापेक्षा जास्त. १९५० च्या तक्त्यावर ०.४४ लावून काढलेली टक्केवारी नेमकी दिसते, पण चुकीची असते.

आणि सगळ्यात मोठी गल्लत म्हणजे रिकाम्या रकान्यात शून्य भरणं. रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू) १९५०-५१ पासून मोजले जाऊ लागले, खेळलेली मिनिटं १९५१-५२ पासून, स्टील (हिसकावलेला चेंडू) आणि ब्लॉक (अडवलेला शॉट) १९७३-७४ पासून, खेळाडूचे टर्नओव्हर (गमावलेला ताबा) १९७७-७८ पासून. त्याआधीचा रकाना रिकामाच ठेवायचा. शून्य टाकलं की सरासरी, क्रमवारी, सगळंच बिघडतं. बिल रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला; बचावासाठी नावाजलेल्या या माणसाच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही, कारण कुणी मोजलेच नव्हते. असिस्ट (बास्केट करून देणारे पास) मात्र पहिल्या हंगामापासून नोंदवले जायचे, पण देताना हात फार आखडता असायचा: त्या हंगामात लीगमध्ये पहिला आलेला अर्नी कॅल्व्हरली ५९ सामन्यांत २०२ वर थांबला, म्हणजे सामन्याला ३.४. हा आकडा आजच्या पॉइंट गार्डशेजारी (डाव रचणाऱ्या खेळाडूशेजारी) ठेवून कुणी त्याला सामान्य म्हणत असेल, तर त्या वर्षीची असिस्टची अख्खी यादी त्याच्यापुढे ठेवा.