खासदार लग्नातच शोभतो

जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार. खान्देशातून दिल्लीला चार खासदार जातात. ते तिथे रमणार नाहीत, हे बघणं मतदार म्हणून तुमचं काम. फार अवघड नाही.

तुळशीचं लग्न उरकलं की पोरीची तारीख काढा. थोड्याच दिवसांत हिवाळी अधिवेशन लागतं. पत्रिका देताना ‘भाऊ, तुमच्याशिवाय अक्षता पडणार नाहीत’ एवढंच म्हणा. शुक्रवार मिळाला तर सोनंच! त्या दिवशी लोकसभेचे शेवटचे अडीच तास सदस्यांच्या खासगी विधेयकांचे नाहीतर ठरावांचे. गणपूर्तीला, म्हणजे सभागृह चालायला, 543 पैकी 55 डोकी लागतात, त्यातलं एक तरी तुमच्या मांडवात हवं.

प्रश्नोत्तराच्या तासाला मात्र जपा. सकाळी 11 ते 12. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस आधी द्यायची, मग बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, नंबर लागायला हवा. दिवसाला 20 प्रश्न लागतात, तोंडी उत्तरापर्यंत पोचतात त्यातले मोजकेच. समजा, नशिबाने केळीच्या हवामानावर चालणाऱ्या विम्याचा प्रश्न वर आला: महसूल मंडळातलं हवामान केंद्र बंद होतं, तर पारा नोंदवला कुणी? छापील उत्तर अधिकारी लिहून देतात. पण भाऊ हजर असले, तर पूरक प्रश्न विचारतील आणि मंत्र्याला तिथल्या तिथे बोलावं लागेल. म्हणून नेमक्या त्याच दिवशी गावात हायमास्टचं उद्घाटन ठेवा.

कुणी कुरकुरलं तर ‘व्हिप असतो, भाऊ काय करणार’ म्हणायचं. 1985च्या पक्षांतरबंदीने व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं तर खासदारकी जाते. प्रश्न विचारल्याने जात नाही. हा फरक पारावर कुणाला कळू देऊ नका.

हिशेब मागायचाच तर वर्षाच्या 5 कोटींच्या खासदार निधीचा मागा. सभामंडप कुठे, पेव्हर ब्लॉक किती. 23 मार्च 2023 रोजी लोकसभेने सुमारे 45 लाख कोटींचा खर्च गिलोटिन लावून, म्हणजे उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकून, चर्चेविना मंजूर केला. दोन्ही बाकांवर घोषणा चालू होत्या. त्यात कापसाचे किती, सिंचनाचे किती, हे विचारणं बरं दिसत नाही.

उरल्या स्थायी समित्या. खात्यांच्या खर्चाची, म्हणजे अनुदानाच्या मागण्यांची, खरी चिरफाड तिथे होते, अधिकाऱ्यांना समोर बसवून, तीही बंद दाराआड. ना कॅमेरा, ना व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला व्हिडिओ. असल्या कामाचा बॅनर तरी कसा लावणार? ‘अनुदानाच्या मागण्या बारकाईने तपासल्याबद्दल भाऊंचे हार्दिक अभिनंदन’? फ्लेक्सवाला दोनदा विचारेल, मजकूर हाच ना?