गुडनाइटची गुरं आणि पालो ड्यूरोची दरी

चार्ल्स गुडनाइटबद्दल कुठेही लिहून आलं की सूर ठरलेला असतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात टेक्सासच्या सरहद्दीवर लढलेला जवान, युद्ध संपल्यावर बंदूक ठेवून गुरांच्या मागे लागतो, ओसाड मुलखात पहिलं पाऊल टाकतो आणि बघता बघता लाखभर जनावरांचा कारभारी होतो. वाचायला झकास वाटतं. मला हा माणूस मनापासून आवडतो, आणि म्हणूनच त्याची ही अर्धीमुर्धी गोष्ट मला सहन होत नाही. त्याचं युद्ध गुरांच्या धंद्यात शिरलं आणि शेवटपर्यंत तिथेच राहिलं. आणि तो मुलूख ओसाड नव्हता, तो ओसाड केला गेला होता.

जन्म ५ मार्च १८३६, इलिनॉय. नऊ वर्षांचा असताना घरच्यांबरोबर टेक्सासला आला, तोही घोडीच्या उघड्या पाठीवर बसून. शाळा जेमतेम सहा महिने. विशीत सावत्र भावाबरोबर दुसऱ्याची गुरं वाट्यानं राखायला घेतली. दर चार वासरांमागे एक वासरू राखणाऱ्याचं. गाठीला पैसा नसलेल्या माणसाला कळप उभा करायचा हाच मार्ग होता. पण ती कुरणं कोमँची या मूळ रहिवासी लोकांच्या मुलखाला लागून होती. दोन्हीकडून हल्ले चालत, घोडे पळवले जात, माणसं मरत. गुडनाइट टेक्सास रेंजर्स या सरहद्द राखणाऱ्या सशस्त्र दलाचा वाटाड्या झाला, आणि यादवी युद्ध सुरू झाल्यावर सरहद्दीवरच्या पलटणीत टेहळ्या म्हणून १८६४ पर्यंत राहिला. तेव्हा पूर्वेकडच्या त्या मोठमोठ्या लढाया याने पाहिल्याच नाहीत. याचं युद्ध वेगळं होतं: उघड्या माळरानावर माग काढत फिरायचं, आणि आधी पाणी शोधायचं.

पाणी शोधण्याची त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. मेस्किटची झुडपं दिसली की पाणी फार लांब नाही, कारण त्याच्या शेंगा रानघोडे खातात आणि लिदेतून बी पसरतं, आणि रानघोडा पाण्यापासून फार दूर चरत नाही. पाकोळी चोचीत चिखल घेऊन उडत असेल तर ती पाण्याकडून आलेली. चोच रिकामी असेल तर ती पाण्याकडे निघालेली. होकायंत्र तो कधी बाळगत नसे. ही विद्या त्याला युद्धाने शिकवली, आणि पुढे हजारो गुरं वाळवंटातून पार नेली ती याच विद्येच्या जोरावर. म्हणून मी म्हणतो की सैनिक गुडनाइट आणि गुराखी गुडनाइट असे दोन कप्पे करताच येत नाहीत.

आता १८६० चा डिसेंबर. कोमँचींचा माग काढत गुडनाइटने रेंजर्सना पीझ नदीकाठच्या एका तळापर्यंत नेलं. या छाप्याला पुढे मोठी लढाई म्हणून मिरवलं गेलं. प्रत्यक्षात त्या छोट्या तळावर बहुतेक बायका-मुलंच होती असं इतिहासाचे अभ्यासक आता सांगतात. तिथे निळ्या डोळ्यांची एक बाई सापडली, कडेवर तान्ही मुलगी. ती सिंथिया ॲन पार्कर. १८३६ मध्ये, नऊ-दहा वर्षांची असताना, कोमँचींनी तिला पळवून नेलं होतं. चोवीस वर्षांत ती त्यांच्यातलीच झाली होती, तिचं लग्न झालं होतं, मुलं होती. तिला 'सोडवून' गोऱ्या नातेवाइकांकडे आणलं. ती तिथे रुळली नाही. परत पळून जायचा प्रयत्न करायची. तान्ही मुलगी काही वर्षांत गेली आणि मग तीही गेली. मागे राहिलेल्या तिच्या मुलाचं नाव क्वाना. हे नाव लक्षात ठेवा.

युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात गुरं उदंड आणि पैसा शून्य. चार वर्षं कुणाचं लक्ष नव्हतं, त्यामुळे न डागलेली, मोकाट जनावरं रानभर पसरलेली. बहुतेकांनी उत्तरेची वाट धरली. गुडनाइटने वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या ऑलिव्हर लव्हिंगला भागीदार केलं आणि १८६६ मध्ये सुमारे दोन हजार जनावरं घेऊन पश्चिमेला वळला. गिऱ्हाईक कोण? न्यू मेक्सिकोतलं फोर्ट सम्नर हे लष्करी ठाणं. तिथे अमेरिकी लष्कराने हजारो नाव्हाहो आणि काही मेस्कालेरो अपाची या मूळ रहिवासी लोकांना त्यांच्या भूमीतून हाकलून, शेकडो मैल चालवत आणून डांबलं होतं. पेरलेलं पीक हाती लागेना, पाणी खारट, माणसं उपाशी. त्यांना जगवायला सरकारला मांस हवं होतं. गुडनाइट आणि लव्हिंगला बारा हजार डॉलर मिळाले, तेही सोन्यात. या धंद्याचं पहिलं भांडवल म्हणजे कैदेतल्या माणसांची भूक. गुडनाइटने ती भूक निर्माण केली नाही, हे खरंच. पण त्याच्या उद्यमशीलतेचे गोडवे गाताना गिऱ्हाइकाचं नावच गाळायचं, हा कुठला न्याय?

त्या वाटेवर पेकोस नदीच्या अलीकडे कित्येक मैलांचा पट्टा बिनपाण्याचा. तीन दिवस, तीन रात्री गुरं थांबवलीच नाहीत, कारण थांबलेली तहानलेली गुरं पुन्हा उठत नाहीत. शेवटी पाण्याचा वास लागला तसा कळप उधळला, एकमेकांना तुडवत कड्यावरून नदीत कोसळला. त्या एका फेरीत शेकडो जनावरं गेली. वाटेत गाई व्यायच्या, आणि वासरू चालू शकत नाही म्हणून रोज सकाळी नवजात वासरं गोळी घालून मारावी लागत. हे काम त्याच्या जिवावर येई. पुढे त्याने वासरांसाठी वेगळी गाडी केली. पण गाडीत वासरांचे वास एकमेकांत मिसळत आणि संध्याकाळी गाय आपलं वासरू ओळखेना. तेव्हा त्याने प्रत्येक वासराला स्वतंत्र पोतं दिलं, पोत्यांना खुणा केल्या, रोज तेच वासरू त्याच पोत्यात. मला त्याच्या साऱ्या साम्राज्यापेक्षा ही पोती मोठी वाटतात. गुरांच्या वाटचालीतलं फिरतं स्वयंपाकघर, म्हणजे चकवॅगन, हीदेखील त्याचीच देणगी: लष्करी गाडीच्या मागे खणाखणांचं कपाट बसवून केलेली.

आणि बोस आयकार्ड. जन्माने गुलाम, युद्धानंतर मुक्त झालेला, या वाटेवर चार वर्षं गुडनाइटचा उजवा हात. विक्रीची रोकड गुडनाइट याच्याकडे ठेवायला देई. काळ्या माणसाच्या वळकटीत सोनं असेल असं चोराच्या मनातही येणार नाही, हा हिशेब. विश्वास खरा होता, पण त्या हिशेबामागचं जगही तितकंच खरं. १९२९ मध्ये आयकार्ड वारला तेव्हा नव्वदी पार केलेल्या गुडनाइटने त्याच्या थडग्यावर दगड बसवून घेतला आणि त्यावर त्याची नेकी, धैर्य आणि सोबतीचे दिवस कोरून ठेवले. लव्हिंग १८६७ मध्ये कोमँचींच्या हल्ल्यात जखमी होऊन फोर्ट सम्नरला वारला. परक्या मातीत पुरू नका, ही त्याची इच्छा. गुडनाइटने त्याचं शव उकरून, पत्र्याच्या पेटीत घालून टेक्सासला परत नेलं. वेदरफर्डच्या एकाच दफनभूमीत आज लव्हिंगही आहे आणि आयकार्डही.

आता पालो ड्यूरो. टेक्सासच्या उत्तरेकडच्या पठारातली प्रचंड दरी: आत पाणी, गवत, हिवाळी वाऱ्यापासून आडोसा. २८ सप्टेंबर १८७४ ला पहाटे अमेरिकी लष्कराच्या कर्नल मॅकेन्झीचं घोडदळ या दरीत उतरलं. खाली कोमँची, कायोवा आणि शायान लोकांचे तळ होते. माणसं फार मेली नाहीत, ती पळाली. पण तंबू जाळले, हिवाळ्याची बेगमी जाळली आणि चौदाशेच्या आसपास घोडे पकडले. त्यातले हजारावर घोडे दुसऱ्या दिवशी गोळ्या घालून मारून टाकले. घोडा गेला म्हणजे शिकार गेली, आणि शिकार गेली म्हणजे शरणागतीखेरीज काही उरलं नाही. १८७५ च्या जूनमध्ये क्वाना आपल्या लोकांना घेऊन फोर्ट सिलच्या लष्करी ठाण्यावर शरण आला.

१८७६ च्या शरद ऋतूत गुडनाइट सोळाशे गुरं घेऊन त्याच दरीच्या कड्यावर उभा होता. गाडी उतरवायला रस्ता नाही, म्हणून ती सुटी करून खेचरांवर लादून खाली नेली. चरत असलेले बायसनचे, म्हणजे अमेरिकेतल्या रानगव्यांचे, कळप पुढे हाकलून दिले. पैसा आयर्लंडच्या जॉन अडेरचा. तोच अडेर, ज्याने १८६१ मध्ये डॉनेगलमध्ये कुळांच्या २४४ माणसांना घराबाहेर काढलं होतं. मालाच्या दर्जाचा, गुरांच्या निपजेचा विचार गुडनाइटचा, जमिनीच्या खरेदीचं बळ अडेरचं. १८८५ पर्यंत दोघांच्या या जेए नावाच्या रँचची, म्हणजे गुरांच्या मळ्याची, जमीन तेरा लाख एकरांवर गेली आणि गुरं लाखावर.

गुडनाइटची बायको मेरी ॲन, सगळे तिला मॉली म्हणत, सर्वांत जवळची शेजारीण सुमारे सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या या दरीत राहिली. एका गुराख्याने तिला खायला म्हणून तीन कोंबड्या आणून दिल्या, तर तिने त्या सोबतीला पाळल्या आणि त्यांच्याशी बोलत बसायची. कातड्यांसाठी बायसनची कत्तल शिगेला पोचली तेव्हा अनाथ वासरं वाचवायचा हट्ट तिचा. त्या वासरांपासून वाढलेल्या कळपाचे वंशज १९९७ मध्ये रँचने टेक्सास राज्याला दिले. ते आज कॅपरॉक कॅनियन्स उद्यानात आहेत.

१८७८ च्या हिवाळ्यात क्वाना आपल्या लोकांना घेऊन, परवानगी काढून, बायसनच्या शिकारीला या भागात आला. बायसन संपले होते. माणसं उपाशी होती. त्यांनी रँचची गुरं मारायला सुरुवात केली. गुडनाइट बोलणी करायला गेला. गुडनाइटने म्हातारपणी सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, कोमँचींनी त्याला विचारलं की हा मुलूख आमचा आहे हे तुला माहीत नाही का. त्याचं उत्तर असं की टेक्सासचं सरकारही हा आपलाच म्हणतं आणि माझ्याकडून दाम घेतं. तुम्ही त्यांच्याशी मिटवा, मग मी तुमचे पैसे द्यायला तयार आहे. आणि मग करार झाला: बायसन सापडेपर्यंत दर दिवसाआड दोन जनावरं, आणि त्या बदल्यात कळपाला हात लावायचा नाही. दोघांनी शब्द पाळला. पुढे क्वाना आणि गुडनाइट मित्र झाले.

ज्याच्या आईला त्या छाप्यात उचलून नेलं, तो मुलगा. आणि त्या छाप्यासाठी माग काढणारा माणूस. हा प्रसंग सैनिकांना बोलावून सहज चिरडता आला असता. गुडनाइटने तसं केलं नाही, याचं श्रेय मी त्याला मोकळ्या मनाने देतो. पण ते उत्तर पुन्हा वाचा. त्यात 'हा मुलूख तुमचा नाही' असं कुठेच नाही. त्याला माहीत होतं, आणि त्याने ते नाकारलं नाही. नाकारतात ते आजचे त्याचे चाहते.

जुन्या माणसाला आजच्या मापाने मोजू नका, असं लगेच कुणीतरी म्हणेल. कबूल. पण मी माझं माप वापरतच नाहीये. मुलूख कुणाचा, हा प्रश्न मी आज बसून काढलेला नाही. तो १८७८ मध्ये, त्या दरीत, उपाशी लोकांनी गुडनाइटच्या तोंडावर विचारला होता.