पाइन नेमके कशाने वाळतात?

‘जपानमधले पाइन भुंगेऱ्यांनी पोखरून मारले. धडधाकट झाडाला हा किडा शिवत नाही. वाळलेलं झाड उभंच राहू द्या, त्यातून काही पसरत नाही.’ असा मजकूर सध्या बराच फिरतोय. तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि तिसऱ्यावर विश्वास ठेवला तर आजूबाजूची झाडंही हातची जातील.

पोखरण्याचं आधी. नागासाकीत १९०५ साली पाइन वाळल्याची नोंद झाली. मेलेल्या खोडात भोकं दिसायची, म्हणून कित्येक दशकं भुंगेऱ्यावरच आळ होता. १९७१ मध्ये कियोहारा आणि तोकुशिगे या जपानी संशोधकांनी निरोगी पाइनमध्ये फक्त सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे बारीक जंत, सोडले, तर झाडं वाळली. हा कृमी एक मिलिमीटरहूनही लहान असतो.

दुसरं वाक्य अर्धसत्य आहे, म्हणूनच ते लोकांना पटतं. लांब मिशांचा हा भुंगेरा अंडी घालतो ती मरणपंथाला लागलेल्या झाडातच. पण त्याआधी, उन्हाळ्यात लाकडातून बाहेर पडल्यावर, तो पोट भरायला जातो हिरव्यागार झाडावर. कोवळ्या फांदीची साल कुरतडतो. त्याच्या श्वासनलिकांमध्ये हजारो, कधी लाखावर कृमी दाटीवाटीने बसलेले असतात. ते बाहेर सरपटतात आणि त्या ताज्या जखमेतून आत शिरतात. मग राळ आटते, पाणी वर चढेनासं होतं, आणि उन्हाळ्यात हिरवं असलेलं झाड शरद ऋतूत तांबूस होऊन उभं असतं. अशा झाडाच्या वासाने भुंगेरे येतात आणि त्यातच अंडी घालतात. इथे झाडाच्या तब्येतीपेक्षा त्याची जात महत्त्वाची. हा कृमी मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथले स्थानिक पाइन त्याला सहसा दाद देत नाहीत, जपानचे लाल आणि काळे पाइन मात्र बळी पडतात.

राहिलं वाळलेलं झाड. हिवाळाभर भुंगेऱ्याच्या अळ्या त्यातच असतात. पुढे अळीचा भुंगेरा होतो त्या कोषाच्या पोकळीभोवती कृमी गोळा होतात आणि नव्या भुंगेऱ्याच्या अंगात शिरतात. म्हणून भुंगेरे बाहेर पडायच्या आत ते झाड तोडून जाळायला किंवा त्याचा बारीक चुरा करायला हवा. नुसतं तोडून ओंडके तिथेच टाकले तर काहीच साधत नाही.

लाकडातून हा रोग समुद्रही ओलांडतो. १९८२ मध्ये तो चीनमधल्या नानजिंगला सापडला, १९९९ मध्ये पोर्तुगालला. आपल्याकडे परदेशी मालाच्या पॅलेटपासून, म्हणजे माल ज्यावर रचून येतो त्या लाकडी चौकटींपासून, सोफे, टेबलं बनवतात. त्या फळीवर गव्हाच्या कणसाच्या खुणेशेजारी ‘एचटी’ (HT, हीट ट्रीटमेंट) असा शिक्का असेल, तर असे कृमी-किडे मारण्यासाठी ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं तापवलेलं आहे.