खुलासा : न्यूटनने देवाला रजा दिली नव्हती

‘विश्व म्हणजे आपोआप चालणारं घड्याळ, हे न्यूटनने सिद्ध केलं आणि देवाची गरज संपवली’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चूक आहे. खरं तर बराचसा उलटाच.

‘प्रिन्सिपिया’ या गती आणि गुरुत्वाकर्षणावरच्या आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीला न्यूटनने शेवटी एक टिपण जोडलं. सूर्य, ग्रह, धूमकेतू यांची इतकी सुरेख रचना बुद्धिमान आणि सामर्थ्यशाली सत्तेशिवाय होणं शक्य नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. ‘ऑप्टिक्स’ या प्रकाशावरच्या ग्रंथात तर तो आणखी पुढे जातो: ग्रह-धूमकेतूंच्या परस्परांवरील ओढीमुळे बारीक बिघाड साठत जातील आणि कधीतरी ही व्यवस्था नव्याने लावावी लागेल.

याच मुद्द्यावर १७१५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ-गणिती लायब्निट्सने टोमणा मारला, की न्यूटनच्या देवाला अधूनमधून घड्याळाला किल्ली द्यावी लागते! न्यूटनच्या बाजूने इंग्रज धर्मपंडित सॅम्युअल क्लार्कने उत्तर दिलं: देवाच्या देखरेखीविना चालणारं जग, ही कल्पनाच जडवादाची, म्हणजे फक्त जड पदार्थच खरा मानणाऱ्यांची. (भांडणारे दोघेही पक्के आस्तिक, हे विशेष.)

‘मला त्या गृहीतकाची (म्हणजे देवाची) गरज नव्हती’ हे वाक्य फ्रेंच गणिती-खगोलज्ञ लाप्लासच्या नावावर सांगतात, न्यूटनच्या नव्हे. तो काळ नेपोलियनचा, आणि वाक्यही ऐकीवच.