‘मुलीची जात चिवट’ हा आधार कशाचा?

एक मजकूर सध्या गटागटांतून फिरतो आहे: गर्भलिंगनिदानाला बंदी आली, आता जन्मलेल्या मुलीची कुणी आबाळ करत नाही, मुली तशाही चिवट, चणीनं लहान, खायला कमी.

कायदा १९९४चा. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. शिवाय जन्मानंतर काय घडतं, याला तो कायदा लागूच नाही.

मुली चिवट असतात, हे मात्र खरंच. जन्मतः त्या मुलग्यांपेक्षा काटक असतात, म्हणून जवळपास सगळ्या देशांत बालमृत्यू मुलग्यांचे जास्त. आपल्या देशात मात्र २०२०च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत पाच वर्षांखालचे मृत्यू हजार जन्मांमागे मुलग्यांत ३१, मुलींत ३३. काटक जीव जास्त दगावतो, तो हेळसांडीनं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ दूध ओढेनासं होतं, श्वास मिनिटाला साठच्या वर जातो, छाती आत ओढली जाते, तळपाय गार पडतात. मुलगा असेल तर रात्रीच गाडी निघते. मुलगी असेल तर ‘सकाळी बघू’. तान्ह्या बाळाला एवढी सवड नसते. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि ने-आणीची गाडी मोफत आहे.

दुधाचंही तेच. मुलगी झाली की मुलाच्या आशेनं लवकर पुन्हा दिवस राहतात, आणि ‘गरोदर बाईचं दूध बाधतं’ म्हणून तिचं अंगावरचं तोडतात. एरवी प्रकृती ठीक असेल तर ते बाधत नाही. त्याऐवजी पाणी घातलेलं वरचं दूध आलं की जुलाब आलेच.

‘चण लहान’ ही सबब तर बाळाच्या माता-बाल संरक्षण कार्डावरच खोटी पडते. वाढीचा तक्ता मुलींचा गुलाबी, मुलग्यांचा निळा. मुलीचं कमी वजन त्यात आधीच धरलेलं आहे. सहा महिन्यांची मुलगी साधारण ७.३ किलो, मुलगा ७.९. ती ५.७च्या खाली असेल तर वजन कमीच आहे, तिथं चणीचा प्रश्न नाही.

आणि ‘खायला कमी’? सहा महिने झाले की अंगावरच्या दुधासोबत दोन-तीन चमचे घट्ट, मऊ वरणभात, नवव्या महिन्यापासून अर्धी वाटी, दिवसातून तीन-चारदा. माप दोघांनाही एकच. भूक मंदावणं हे बरेचदा कुपोषणाचंच लक्षण असतं. कार्डावरची रेघ महिनाभर आडवी राहिली, तर अंगणवाडीताईंकडून दंडाचा घेर मोजून घ्यावा. सहा महिन्यांनंतर तो ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल, तर ते तीव्र कुपोषण. त्यात बाळ खातही नसेल किंवा पायांवर सूज असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं.